पानपिंपळी : वऱ्हाडच्या उन्हातील सावलीची वेल

अकोला जिल्ह्यातील अकोट तालुका राज्याला ठाऊक आहे तो कापसाच्या बाजारपेठेसाठी. गेल्या काही दशकांत संत्रा आणि केळीच्या बागांनीही या भागाला ओळख दिली. परंतु सातपुड्याच्या पायथ्याला लागून असलेल्या अकोट, तेल्हारा, अंजनगाव सुर्जी आणि जळगाव जामोद या तालुक्यांच्या पट्ट्यात आणखी एक पीक पिढ्यान्‌पिढ्या घेतले जाते. त्याचे नाव पानपिंपळी. आयुर्वेदाच्या ग्रंथांत ती पिप्पली, किराणा बाजारात लेंडीपिंपळी आणि वनस्पतिशास्त्रात ‘पायपर लाँगम’ या नावाने ओळखली जाते.

पिंपळी ही मुळात दमट, सावलीच्या जंगलात वाढणारी वेल आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे जिथे नवलाचे नाही, त्या वऱ्हाडात ती टिकली आहे ती केवळ माणसाच्या मेहनतीवर. ही मेहनत एवढी का लागते, पीक एका रात्रीत का जाते आणि तरीही त्याला पर्याय का सापडत नाही, या प्रश्नांची उत्तरे वेलीच्या शरीररचनेतच दडलेली आहेत.

मिरीचे कूळ

पिंपळी, काळी मिरी आणि विड्याच्या पानाची नागवेल या तिन्ही एकाच ‘पायपर’ प्रजातीतील सख्ख्या बहिणी. स्वीडिश शास्त्रज्ञ कार्ल लिनियस याने १७५३ साली ‘स्पीशीज प्लँटारम’ या ग्रंथात पिंपळीला आजचे शास्त्रीय नाव दिले. ‘लाँगम’ म्हणजे लांब. मिरीचा दाणा गोल, तर पिंपळीचे फळ लांबट, म्हणून हे विशेषण. ‘पायपर’ या शब्दाचे मूळ मात्र भारतीय आहे. संस्कृतातील ‘पिप्पली’ ग्रीक भाषेत ‘पेपेरी’ झाली, लॅटिनमध्ये ‘पिपर’ आणि पुढे इंग्रजीत ‘पेपर’. आज जगभर मिरीसाठी वापरला जाणारा हा शब्द मूळचा मिरीचा नसून पिंपळीचा आहे.

या कुळाची वनस्पतिशास्त्रातील जागाही वेगळी आहे. शाळेत शिकविल्या जाणाऱ्या एकदलिकित आणि द्विदलिकित या विभागणीत पिंपळीचे कूळ पूर्वी द्विदलिकितांत धरले जाई. तिच्या खोडाचा आडवा छेद घेतला, तर पाणी व अन्न वाहून नेणाऱ्या नलिकांचे पुंजके काही अंशी मका किंवा ज्वारीच्या ताटाप्रमाणे विखुरलेले दिसतात. जनुकीय अभ्यासावर आधारलेल्या आधुनिक वर्गीकरणात हे कूळ चाफ्याच्या गणाबरोबर सपुष्प वनस्पतींच्या एका प्राचीन शाखेत ठेवले जाते.

मुळे, पेरे आणि पाने

पिंपळी ही बहुवर्षायू, सुगंधी, झुडुपासारखी पसरणारी वेल. तिची मुळे काष्ठमय आणि टिकाऊ असतात. खोड बारीक, पेरेदार आणि पेरांच्या सांध्यांवर फुगीर असते. जमिनीवर टेकलेल्या प्रत्येक सांध्यातून आगंतुक मुळे फुटू शकतात. वेल स्वतःची लागवड स्वतः करू शकते ती यामुळेच. शेतकरीही याच गुणाचा उपयोग करून घेतो. बियांऐवजी वेलीचे तुकडे बेणे म्हणून लावले जातात.

मात्र पिंपळी ही फार बळकट चढणारी वेल नव्हे. मिरी उंच झाडाच्या सालीला मुळांनी घट्ट धरून वर जाते, तशी पकड पिंपळीला साधत नाही. मोकळी सोडली, तर ती जमिनीवर पसरते. उभी वाढवायची तर तिला आधार द्यावा लागतो, आधाराला बांधावे लागते आणि वाढेल तसे पुन्हा पुन्हा बांधावे लागते. मळ्यातील मजुरीचा मोठा वाटा या बांधणीत जातो.

एकाच वेलीवर दोन प्रकारची पाने दिसतात, ही पिंपळीची ठळक खूण. खालची पाने रुंद, हृदयाकृती आणि लांब देठाची असतात; प्रथमदर्शनी ती विड्याच्या पानासारखी भासतात. वर जावे तशी पाने अरुंद व लांबट होत जातात, देठ आखूड होतो आणि शेंड्याजवळची पाने तर बिनदेठाची, खोडाला तळाशी कवटाळून बसलेली असतात. विड्याच्या पानात असा फरक दिसत नाही. पानमळ्यात शेजारी शेजारी वाढणाऱ्या या दोन वेली ओळखण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग होय.

फुलाविना फूल

पिंपळीचे फूल म्हणून सांगितले, तर ते अनेकांना ओळखूही येणार नाही. त्याला पाकळ्या नसतात, निदलेही नसतात. पानाच्या समोरच्या बाजूला उभ्या राहणाऱ्या एका जाडसर दांड्यावर अतिसूक्ष्म फुले दाटीने चिकटलेली असतात. या दांड्याला कणिश म्हणतात. कणिश पानाच्या बगलेत न येता समोर येते, हे या कुळाचे वैशिष्ट्य. प्रत्यक्षात ते खोडाचे टोकच असते. खालच्या कळीतून निघालेली नवी फांदी पुढे वाढते आणि कणिशाला एका बाजूला ढकलते. याचा व्यावहारिक अर्थ असा, की फळे देणाऱ्या फांदीवर नवे पेर आले तरच नवे कणिश येण्याची शक्यता असते. फांदीची वाढ खुंटली, की उत्पन्नही खुंटले.

पिंपळी विभक्तलिंगी आहे. म्हणजे नर फुलांची वेल वेगळी आणि मादी फुलांची वेगळी. नर कणिश लांब व सडपातळ, सुमारे अडीच ते साडेसात सेंटिमीटरचे. मादी कणिश आखूड व जाड, सव्वा ते अडीच सेंटिमीटरचे. बाजारात जी पिंपळी विकली जाते ती मादी वेलीवरची. परागण झाल्यावर मादी कणिशावरील फुलांची बारीक फळे बनतात आणि ती दांड्याच्या मांसल भागातच रुतून बसतात. आपण ‘एक पिंपळी’ म्हणून उचलतो ते एक फळ नसून अनेक सूक्ष्म फळांचा एकजीव झालेला समूह असतो. खरखरीत, बारीक उंचवट्यांचा तिचा पृष्ठभाग हे त्याचेच द्योतक.

आफ्रिकेतील भावंड

पिंपळीच्या रचनेचे वेगळेपण समजण्यासाठी तिच्या आफ्रिकेतील एका भावंडाकडे पाहणे उपयुक्त ठरते. ‘पायपर’ प्रजातीत हजाराहून अधिक जाती आहेत आणि त्यांतील बहुतेक अमेरिका व आशियाच्या उष्ण कटिबंधातील आहेत. आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर मूळच्या जाती अगदी मोजक्या. त्यांपैकी ‘पायपर गिनीन्स’ ही पश्चिम व मध्य आफ्रिकेच्या सदाहरित जंगलांतील आरोही वेल सर्वांत प्रसिद्ध आहे. डॅनिश शास्त्रज्ञ शूमाखर व थॉनिंग यांच्या नावे तिचे वर्णन १८२७ साली प्रसिद्ध झाले. अशांती मिरी, गिनी मिरी, बेनिन मिरी अशी तिची व्यापारी नावे. नायजेरियातील इग्बो भाषेत तिला ‘उझिझा’ म्हणतात. तेथील रस्सेदार पदार्थांत तिची पाने आणि दाणे दोन्ही वापरतात.

ही वेल सांध्यांवरील मुळांच्या आधाराने जंगलातील झाडांवर दहा मीटर आणि त्याहूनही उंच चढते. तिची फळे लहान, गोलसर, पिकल्यावर तांबडी व वाळल्यावर काळपट होतात. ओळखीची खूण म्हणजे प्रत्येक फळाला स्वतंत्र, किंचित बाकदार देठ असतो आणि वाळल्यावर तो दाण्याला शेपटीसारखा चिकटून राहतो. मिरीचा दाणा बिनदेठाचा व सुटा, आफ्रिकी मिरीचा देठासह सुटा आणि पिंपळीचा दांड्यात रुतलेला, अशी ही तीन भावंडांतील तीन तऱ्हांची रचना आहे. तिघींचा तिखटपणा मुख्यत्वे ‘पायपरिन’ या एकाच जातीच्या द्रव्यातून येतो.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी बेनिनमधील ही शेपटीची मिरी युरोपात नेली. परंतु वास्को द गामा १४९८ साली कालिकतला पोहोचल्यानंतर भारतीय मिरीचा मार्ग खुला झाला आणि तिच्या व्यापाराला धक्का बसू नये म्हणून पोर्तुगीज दरबाराने आफ्रिकी मिरीवर बंधने घातली. उझिझा आफ्रिकेच्या स्वयंपाकघरात राहिली. जागतिक बाजारातून मात्र ती मागे पडली. तिचा बराचसा पुरवठा आजही जंगलातून गोळा करून होतो. पिंपळीची स्थिती वऱ्हाडात नेमकी उलट आहे. येथे तिच्यासाठी जंगल नाही, जंगलाचे काम शेतकऱ्याला करावे लागते.

अकोटचाच पट्टा का?

पिंपळीचे नैसर्गिक घर म्हणजे हिमालयाच्या पायथ्यापासून आसामपर्यंतची व पश्चिम घाटातील दमट वने. तेथे वर्षातील बराच काळ हवेत ओलावा असतो आणि मोठ्या झाडांची सावली असते. अकोटच्या उत्तरेचे नरनाळ्याचे जंगल मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग असले, तरी ते सागाचे, पानझडीचे आणि कोरडे आहे. या भागातील वार्षिक पाऊस सरासरी ८०० मिलिमीटरच्या आसपास, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडणारा.

तरीही पिंपळी येथे रुजली, याचे एक कारण पाण्यात आहे. पूर्णा नदीचे खोरे अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा म्हणून ओळखले जाते. तेथील भूजल क्षारयुक्त असल्याने ओलितास अयोग्य ठरते. अकोट तालुक्याचा दक्षिण भाग या पट्ट्यात मोडतो. उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी चित्र पालटते. डोंगरातून वाहून आलेल्या गाळ-गोट्यांच्या जाड थरांत गोडे पाणी मुरते व साठते. या गोड्या पाण्याच्या चिंचोळ्या पट्टीतच पानमळे, पिंपळी, केळी आणि संत्रा यांची बागायत उभी राहिली.

दुसरे कारण माणसांत आहे. या पट्ट्यातील बारी समाजाचा पारंपरिक व्यवसाय विड्याच्या पानांची शेती हा होय. नागवेलीला सावली कशी द्यायची, ओल कशी राखायची, वेल आधाराला कशी बांधायची, हे ज्ञान त्यांच्याकडे पिढीजात होते. नागवेलीची बहीण असलेल्या पिंपळीला तेच कौशल्य लागते. त्यामुळे पानमळा करणाऱ्या हातांनीच पिंपळीचे मळेही जोपासले.

मळ्यातील काम

पिंपळीच्या मळ्याची तयारी वेलीपासून नव्हे, तर सावलीपासून सुरू होते. शेवरी, पांगारा, हादगा यांसारखी लवकर वाढणारी झाडे आधार व सावलीसाठी लावली जातात. ही झाडे शिंबावंत कुळातील असल्याने त्यांच्या मुळांवरील गाठींतून जमिनीला नत्रही मिळते. वेलीला अंधार नको, कडक ऊनही नको. साधारण चौथा हिस्सा ऊन अडेल एवढी विरळ सावली तिला मानवते. सावली कमी पडली तर पाने करपतात, जास्त झाली तर वेल नुसती पानांवर जाते.

पाण्याचेही असेच आहे. पिंपळीची मुळे वरच्या थरात राहणारी असल्याने तिला थोडे थोडे पण वारंवार पाणी लागते. उन्हाळ्यात एखादी पाळी चुकली तर वेली माना टाकतात. उलट पावसाळ्यात पाणी साचले तर बुरशीजन्य रोगांना आमंत्रण मिळते. पाने, खोड व मुळे सडविणारी बुरशी आणि पानांवरील करपा हे या पिकाचे मोठे शत्रू. मुळांवर पिठ्या ढेकूण लागला, तर वरून हिरवी दिसणारी वेल हळूहळू सुकत जाते.

काढणी हे सर्वांत नाजूक काम. फळे पूर्ण वाढलेली, पण पिकण्याआधीची, काळसर हिरवी असतानाच खुडावी लागतात. फुलोऱ्यानंतर सुमारे दोन महिन्यांनी ही अवस्था येते. वेलीवर पिकून मऊ झालेल्या फळाचा तिखटपणा उतरतो आणि ते नीट वाळतही नाही. सगळी कणिशे एकाच वेळी तयार होत नसल्याने तोडणी अनेकदा करावी लागते. बोटाच्या पेराएवढे प्रत्येक फळ हातानेच खुडायचे असते. हे काम करणारे यंत्र नाही. खुडलेली फळे चार-पाच दिवस उन्हात वाळविली जातात. दहा किलो ओल्या फळांपासून साधारण दीड किलो वाळलेली पिंपळी हाती येते. वाळवणीच्या दिवसांत अवकाळी पाऊस आला, तर वर्षभराचा माल बुरशीने काळवंडतो.

जुन्या झालेल्या वेलींची मुळे व बुंध्याकडील जाड खोडही वाया जात नाही. त्यांचे तुकडे ‘पिंपळीमूळ’ किंवा ‘गंठोडा’ या नावाने औषधी बाजारात विकले जातात.

औषधातील स्थान

पिंपळीचा औषध म्हणून उल्लेख अथर्ववेदात आढळतो. सुंठ, मिरी आणि पिंपळी यांचे समभाग मिश्रण म्हणजे त्रिकटू. आयुर्वेदातील असंख्य कल्पांचा तो पाया आहे. सितोपलादी चूर्ण आणि च्यवनप्राश यांतही पिंपळी असते. चरकसंहितेने मात्र एक इशाराही दिला आहे. पिंपळी, क्षार आणि मीठ या तीन गोष्टींचे अतिसेवन करू नये, असे या ग्रंथाचे सांगणे आहे. घरगुती उपचारात ती वैद्याच्या सल्ल्यानेच घ्यावी, हे त्यामुळे ध्यानात ठेवलेले बरे.

आधुनिक संशोधनाने पायपरिनचा एक महत्त्वाचा गुण पुढे आणला. सोबत घेतलेल्या काही औषधांचे रक्तातील शोषण ते वाढविते. जम्मू येथील केंद्रीय प्रयोगशाळेत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झालेल्या कामातून ही दिशा मिळाली. याच आधारे क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन या औषधाची मात्रा ४५० मिलिग्रॅमवरून २०० मिलिग्रॅमवर आणणारे, पायपरिनयुक्त ‘रिसोरिन’ हे औषध २००९ साली भारतात आले. त्रिकटूत पिंपळी घालणाऱ्या जुन्या वैद्यांचा अनुभव प्रयोगशाळेत तपासला गेल्याचे हे उदाहरण म्हणता येईल.

प्राचीन काळी पिंपळीची ख्याती स्वयंपाकघरापर्यंत होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी याने नोंदविलेले भाव पाहिले, तर एक रोमन पौंड पिंपळीला १५ दिनार पडत, पांढऱ्या मिरीला ७ आणि काळ्या मिरीला ४. अमेरिकेतून आलेल्या मिरचीचा प्रसार सोळाव्या शतकापासून झाला आणि तिखटासाठी पिंपळीची गरज उरली नाही. आज तिचे मुख्य ग्राहक औषध कारखानेच आहेत.

धोक्यात काय आहे?

एकाच प्रकारच्या ग्राहकावर अवलंबून असलेले पीक म्हणजे भावाच्या चढउताराला उघडे पीक. केंद्र सरकार ज्या पिकांना हमीभाव जाहीर करते, त्यांत पिंपळी नाही. बाजारात ‘छोटी पिंपळी’ व ‘मोठी पिंपळी’ असे दोन प्रकार चालतात. मोठी पिंपळी ही आग्नेय आशियातील ‘पायपर रेट्रोफ्रॅक्टम’ या वेगळ्या जातीची असून ती आयात होते. दिसायला सारखी, पण जात निराळी. ग्राहकाला हा फरक सहसा सांगितला जात नाही.

राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाची स्थापना २००० साली झाली आणि मंडळाने प्राधान्य दिलेल्या ३२ औषधी वनस्पतींच्या यादीत पिंपळीला स्थान मिळाले. अकोल्यात १९६९ साली स्थापन झालेले डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ असून, विद्यापीठाचे नागार्जुन वनौषधी उद्यानही तेथेच आहे. केरळ कृषी विद्यापीठाने ‘विश्वम’ नावाचे पिंपळीचे सुधारित वाण दिले. परंतु ते केरळच्या दमट हवेत घडलेले आहे. वऱ्हाडच्या कोरड्या उन्हात तग धरणाऱ्या वेलींची निवड वऱ्हाडातच व्हावी लागेल.

येथे पुन्हा वेलीच्या रचनेचा प्रश्न येतो. बेणे लावून वाढविलेला मळा म्हणजे थोड्याच मादी वेलींच्या प्रतिकृती. त्यांत जनुकीय विविधता कमी असते. एखादी बुरशी एका वेलीला मारू शकली, तर ती त्या मळ्यातील बहुतेक वेलींना मारू शकते. नवे, काटक वाण घडवायचे तर नर व मादी वेलींच्या संकरातून मिळालेले बी लागते. ज्या वेलीला बाजारात किंमत नाही, ती नर वेल जपण्याचे काम कोणताही शेतकरी स्वतःच्या खर्चाने करणार नाही. ते संशोधन संस्थांनीच करावे लागते.

पाण्याची बाजूही तितकीच गंभीर आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या ज्या गोड्या पाण्यावर पिंपळी उभी राहिली, त्याच पाण्यावर संत्रा आणि केळीच्या बागाही अवलंबून आहेत. विहिरींची जागा खोल बोअरवेलनी घेतली, तशी वरच्या थरातील ओल कमी झाली. संत्र्याचे झाड खोल मुळांवर काही दिवस निभावून नेते. पिंपळीला ती सोय नाही. पुनर्भरणाची कामे मागे पडली, तर या पट्ट्यातून सर्वांत आधी बाद होणारे पीक तेच असेल.

पिंपळीचा मळा मोडला, तर त्या जमिनीत कापूस किंवा सोयाबीन पुढच्याच हंगामात उभे राहू शकेल. मात्र शेवरीची सावली किती ठेवायची, पाण्याची पाळी केव्हा द्यायची आणि कोणते फळ आज खुडायचे, कोणते आठवड्याने, हे ज्ञान पुस्तकात नोंदलेले नाही. ते मळ्यात काम करणाऱ्या कुटुंबांच्या हातांत आहे. अकोटच्या पायथ्याशी आज प्रश्न आहे तो या वेलीबरोबरच त्या ज्ञानाच्या जतनाचा.